नऊ टाक्यांचं वर्तुळ

गणिताला घाबरून मास कॉमला गेलेली एक मुलगी, तिची धुळ्याची आजी आणि एका बाळासाठी विणलेली जाळीची गोल शाल. ९९ फेऱ्यांची ही गोष्ट वाचा, आणि जमलं तर सुया हातात घ्या!

तुमच्यापैकी किती जणांनी गणितापासून सुटका म्हणून आर्ट्स घेतलं? हात वर करा. माझा आधीच वर आहे. दहावीला गणितात काठावर पास झाले, त्या दिवशी घरी पेढे आले आणि मी मनात शपथ घेतली की यापुढे या विषयाचं तोंड बघायचं नाही. मग मास कॉम केलं. तिथे शब्दमर्यादा सोडली तर मोजायचं काही नव्हतं. सगळं छान चाललं होतं. मग ताई बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी आली आणि आजीने तिची लोकरीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

आमच्या घरात बाळंतविडा आजीच करते. दुपटी, झबली, टोपडी, कुंची आणि सगळ्यात वर एक हलकी, जाळीची, गोल शाल. माझ्या वेळची शाल अजून कपाटात आहे. हातात घेतली तर वजन जाणवत नाही, पण धुळ्याच्या जानेवारीतल्या पहाटे अंगावर घेतली की ऊब कळते. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत धुळ्याचं नाव दर हिवाळ्यात असतंच. दुपार झाली की मात्र तेच ऊन चटका देतं. अशा हवेत बाळाला जाड स्वेटरपेक्षा पातळ शाल बरी, हवी तेव्हा गुंडाळली, नको तेव्हा काढली.

या वेळी अडचण अशी झाली की आजीला काचबिंदू आहे. नजर बरीच गेली. टाके घालता येतात, मोजता येत नाहीत. ती म्हणाली, "हात माझे घे, डोळे तुझे दे." मी म्हटलं, "आजी, मला विणता येत नाही." ती म्हणाली, "मग शिक. अजून अडीच महिने आहेत."

वाटी, ताट आणि झालर

जळगावला इंटर्नशिप आणि शनिवार-रविवार धुळं, असं माझं वेळापत्रक. मधे एरंडोल, पारोळा आणि एसटीची खिडकी. आजीने आधी सुया दिल्याच नाहीत. क्रोशाची सुई दिली आणि म्हणाली, थालपोस कर. थालपोस म्हणजे पूजेच्या ताटावर झाकायचा गोल रुमाल. आमच्याकडे लग्नाच्या रुखवतात तो हमखास असतो.

नियम एकच. मधे सहा मुके खांब. पुढच्या फेरीत बारा, त्याच्या पुढच्या फेरीत अठरा. प्रत्येक फेरीला सहा वाढवायचे. मी पहिल्यांदा चार-चार वाढवले. कापड वर वळलं आणि वाटी झाली. दुसऱ्यांदा चिडून दहा-दहा वाढवले. कडेला लाटा आल्या, झालर झाली. तिसऱ्यांदा सहा, आणि ताटासारखं सपाट वर्तुळ टेबलावर बसलं.

"सहाच का?" मी विचारलं.

"सहानेच बसतं," आजी म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता.

माझा संपला नाही. परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या पुढे कुठेतरी डोक्यात आलं की वर्तुळाचा परीघ म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या. हे सूत्र मी आठवीत पाठ केलं आणि दहावीनंतर विसरले, असं मला वाटत होतं. मुका खांब जवळपास चौकोनी असतो, जेवढा रुंद तेवढाच उंच. म्हणजे एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याने वाढते. मग परीघ किती वाढला पाहिजे? दोन गुणिले ३.१४, म्हणजे ६.२८. टाका तोडून पाव घेता येत नाही, म्हणून सहा. उरलेलं धाग्याच्या ताणात मुरतं.

विचार करा. चौथीनंतर शाळा सुटलेली माझी आजी पन्नास वर्षं 'पाय' विणत होती आणि मी तिला सांगत होते की मला गणित येत नाही.

ती झालरसुद्धा फुकट नाही बरं का. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी हाच प्रकार मुद्दाम केला. गणितात 'हायपरबोलिक' नावाची एक वेगळीच भूमिती आहे. तिथे पृष्ठभाग मध्यापासून जितका लांब जातो, तितका गरजेपेक्षा जास्त पसरतो. कागदाची मॉडेलं सारखी फाटत, म्हणून तायमिनांनी क्रोशाने टाके वाढवत जाऊन ती भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. माझी बिघडलेली दुसरी थालपोस त्याच जातीची होती. फरक इतकाच की त्यांनी ती समजून केली होती आणि मी चिडून.

दुप्पट करा, मग विसरून जा

आता शाल. ती क्रोशाने न करता सुयांवर करायची, कारण सुयांचं कापड मऊ पडतं आणि कमी धाग्यात जास्त पसरतं. पण इथे एक पेच आहे. दर फेरीला टाके वाढवत बसलं तर जाळीची नक्षी सारखी मोडते. फुलाची पाकळी सुरू केली की टाक्यांची संख्या बदललेली!

यावरचा सगळ्यात सोपा उपाय एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी लिहून ठेवला आहे. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. पुढे त्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झाल्या. १९७४ च्या 'निटर्स अल्मनॅक' या पुस्तकात त्यांनी वर्षाच्या बारा महिन्यांसाठी विणकाम दिलं आहे. त्यात जुलै महिन्यात येते 'पाय शॉल'. युक्ती अशी की त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. मग दर फेरीला थोडे थोडे टाके वाढवायचे कशाला? त्रिज्या दुप्पट होईपर्यंत एकही टाका वाढवायचा नाही, आणि झाली की एकाच फेरीत सगळे टाके दुप्पट करायचे. मधल्या फेऱ्या नक्षीला मोकळ्या.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे या बाई 'हा माझा शोध' असं म्हणायला तयार नसत. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आधी कुठेतरी कुणाच्या तरी हातांना हे सुचलंच असणार. मला लगेच आजी आठवली.

हिशेब हा असा. कापून वहीत चिकटवा:

९ टाके: १ फेरी
१८ टाके: ३ फेऱ्या
३६ टाके: ६ फेऱ्या
७२ टाके: १२ फेऱ्या
१४४ टाके: २४ फेऱ्या
२८८ टाके: ४८ फेऱ्या

प्रत्येक दोन ओळींच्या मधे एक दुप्पट करायची फेरी. ती अशी: धागा पुढे घ्या, एक टाका सुलट विणा. पुन्हा धागा पुढे, पुन्हा एक सुलट. धागा पुढे घेतला की एक नवा टाका आणि त्याच्याखाली एक छोटं भोक तयार होतं, त्यामुळे दुप्पट करायच्या प्रत्येक फेरीत भोकांचं एक सुंदर कडं उमटतं. एकूण झाल्या ९९ फेऱ्या. गोल विणताना कापड उलटवावं लागत नाही, म्हणून साध्या फेऱ्या सगळ्या सुलटच. उलट टाका येत नसला तरी चालतं!

जाळीसाठी दुसरा नियम: जिथे एक भोक, तिथे शेजारी दोनाचा एक. भोकाने टाका वाढतो, दोनाचा एक केला की कमी होतो. जमाखर्च बरोबर. ३६ पासून पुढचे सगळे आकडे बाराने भागतात, म्हणून सहा किंवा बारा टाक्यांची कुठलीही नक्षी त्यात चपखल बसते. आजीने मात्र एक बंधन घातलं. बाळाची शाल आहे, भोकं लहान ठेवायची, मोठ्या जाळीत बोटं अडकतात.

दुकानात काय मागायचं?

मी फुले मार्केटमध्ये जाऊन "हलकी लोकर द्या" म्हटलं, तर काउंटरवर दहा गुंडे आले. त्यातून शिकलेलं थोडक्यात सांगते. 'बेबी वूल' लिहिलेलं असलं तरी आतलं ॲक्रिलिक असू शकतं, त्यामुळे लेबल वाचा. ॲक्रिलिक धुवायला सोपं आणि स्वस्त, सरावाला उत्तम. पण जाळीची शाल शेवटी ओली करून ताणून वाळवायची असते, आणि ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही. खरी लोकर ताणलेला आकार धरून ठेवते. आपल्या कापसाच्या मुलखात सुती धाग्याचा मोह होतो, पण सुती धाग्याला लवचीकपणा नाही आणि तो वजनाला जड. मेंढीची म्हणाल, तर आपल्या माळावरच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला एक नंबर, पण राठ. बाळाच्या गालाला ती नको.

सुयांचा नंबर उलटा चालतो. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलीमीटर, १० नंबर त्याहून बारीक. हलक्या शालीचं गुपित म्हणजे धागा बारीक आणि सुई त्यामानाने जाड. सुरुवातीला मोजे विणायच्या पाच सुयांचा संच लागतो. ७२ टाक्यांच्या पुढे जागा पुरत नाही, तेव्हा गोल सुई घ्या, म्हणजे मधे वायर असलेली.

पहिल्या नऊ टाक्यांना मात्र तयारीत राहा. चार सुयांवर नऊ टाके म्हणजे हातात साळिंदर धरल्यासारखं वाटतं. माझे पाचदा सुटले. सहाव्यांदा बसले.

अर्ध्यात आलात? नाही, पावात आलात

सव्वा महिन्यात मी ५० फेऱ्या पूर्ण केल्या. ९९ पैकी ५०! ताईला फोटो पाठवला, 'अर्धी झाली'. आजीला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "अर्धी नाही, पाव झाली."

मला राग आला. मग वहीत मांडून पाहिलं. पहिल्या ५० फेऱ्यांत मिळून सुमारे ४,९०० टाके. शेवटच्या ४९ फेऱ्यांत १४,१००. एकूण जवळजवळ १९ हजार. त्रिज्या अर्धी असली की क्षेत्रफळ पाव असतं, हे मी शाळेत शिकले होते, पण ते बोटांना कधी लागलं नव्हतं. मी मिनिटाला दहा-बारा टाके विणते. म्हणजे पूर्ण शालीला साधारण तीस तास, आणि त्यातले बावीस अजून बाकी.

पेपरला आठवडा असताना 'अर्धा सिलॅबस झाला' म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

उसवी टाक

६५ व्या फेरीला टाके मोजले. २८८ हवे होते, २८७ आले. पुन्हा मोजले. २८७. कुठेतरी खाली धागा पुढे घ्यायचा राहिला होता आणि कुठे ते मला दिसेना. शनिवारी शाल धुळ्याला नेली. आई म्हणाली, "एक टाका वाढवून टाक, कोण बघतंय?" मलाही तेच करायचं होतं. ताईला नववा लागला होता.

आजीने शाल मांडीवर पसरली. मधल्या नऊ टाक्यांवर अंगठा ठेवला आणि बोटं बाहेर सरकवत नेली, कडं मोजत, जसं आपण अंधारात जिना चढताना पायऱ्या मोजतो. पहिलं कडं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मग कडेकडेने फिरत गेली. एका जागी बोट थांबलं.

"इथे भोक नाही."

चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून मी पाहिलं. खरंच नव्हतं. आणि तिथून वर जाळी एका घराने सरकत गेली होती. वरून एक टाका वाढवला असता तर आकडा जुळला असता, नक्षी नसती जुळली.

"उसवी टाक," आजी म्हणाली. ती हुकूम देते तेव्हा अहिराणीतच देते.

चौदा फेऱ्या, म्हणजे ४,०३२ टाके. माझ्या वेगाने सहा तास. एक गोष्ट मात्र आजीने आधीच करून घेतली होती. ५१ व्या फेरीवर तिने मला सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा एक दोरा ओवून ठेवायला लावला होता, आधाराचा दोरा. तेव्हा मला ते काम फालतू वाटलं होतं. सुई काढली, धागा ओढला. चौदा फेऱ्या भराभर सुटल्या, आणि त्या दोऱ्यापाशी येऊन आपोआप थांबल्या. २८८ टाके जसेच्या तसे उभे.

शालीचं सोडा, पण मला त्या क्षणी दहावीचा पेपर आठवला. तिथे एक पायरी चुकली की मी पेन ठेवून द्यायचे. पुढचं सगळं चूक, मग लिहायचं कशाला? चूक नेमकी कुठे झाली ते शोधायचं, तिथपर्यंत मागे जायचं आणि तिथून पुन्हा पुढे यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल, मी ऐकलं नसेल. मला गणित येत नव्हतं असं नाही. मला उसवता येत नव्हतं.

पाटण्याचे भास्कराचार्य

आता एक आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला तुमच्यापैकी बरेच जण सहलीला गेले असतील. मीही गेले होते. धबधबा पाहिला, फोटो काढले, परत आले. त्याच पाटण्यात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यात गणित शिकायला पोरं येत होती!

त्या ग्रंथांमधला एक म्हणजे ११५० च्या सुमाराचा 'लीलावती'. त्यात वर्तुळाचा परीघ काढायच्या दोन रीती आहेत. अचूक हवा तर व्यासाला ३९२७ ने गुणा आणि १२५० ने भागा. कामचलाऊ हवा तर २२ ने गुणा आणि ७ ने भागा. पहिली रीत ३.१४१६ देते. मला दुसरी रीत जास्त आवडली. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने 'व्यवहाराला इतकं पुरे' असंही सांगून ठेवलंय. आजीचे सहा टाके त्याच वाटेने जाणारे. आणि या पुस्तकातली कितीतरी गणितं 'बाले', 'सखे' असं म्हणत एका मुलीला घातलेली आहेत. लीलावती ही त्यांची मुलगी होती, ही आख्यायिका आहे. पण गणिताचं पुस्तक मुलीशी बोलतं, हे त्यात छापलेलं आहे. मला ते दहावीच्या आधी कळायला हवं होतं.

टाचण्या आणि टेप

बाळ आलं तेव्हा सात फेऱ्या बाकी होत्या. बारशाच्या तीन दिवस आधी टाके बंद केले, अगदी सैल, कारण कड घट्ट झाली तर पुन्हा वाटी होते. सुईवरून उतरलेली शाल बघून मला रडू आलं. चुरगळलेली, गोळा झालेली, जाळी मिटलेली. आजी म्हणाली, आता पाणी दाखव.

कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली. पिळली नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली. गादीवर चादर अंथरली, मधोमध एक टाचणी, मग चार दिशांना चार, मग त्यांच्या मधे मधे करत कडेने साठ-सत्तर. ताणत गेले तशी जाळी उघडत गेली. एकेका फेरीत जिथे टाके दाटले होते तिथे सैल झाले, जिथे सैल होते तिथे ताणले गेले. 'दुप्पट करा आणि विसरून जा' हा हिशेब इथे येऊन सपाट होतो. टाचण्या काढल्यावर मात्र एकूण एक मोजा. बाळाचं कापड आहे.

वाळल्यावर मी टेप घेतला. व्यास ८४ सेंटीमीटर. कडेने दोरा फिरवून मोजला तर २६३. भागाकार केला: ३.१३. मी ओरडलेच. "आजी, पाय आला! तीन पॉइंट तेरा!"

"गोल आहे ना?" आजी म्हणाली. "मग दुसरं काय येणार?"

दुकानात यंत्रावरची शाल याहून स्वस्त आणि पाच मिनिटांत मिळते, हे मला माहीत आहे. मी छत्तीस तास घातले, त्यातले सहा उसवलेल्या फेऱ्या पुन्हा विणण्यात. बारशाला भाची त्या शालीत पूर्ण वेळ झोपली होती. आजीने तिला मांडीवर घेतलं आणि सवयीने शालीच्या मध्यावर अंगठा ठेवून बोटं बाहेर नेली. पहिलं कडं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. कुठेच थांबली नाही.

तुम्हाला करून बघायची असेल तर सुट्टीची वाट बघू नका. घरात कुणाला तरी विणता येत असेल, आजी, मावशी, शेजारच्या काकू. त्यांना "शिकवा" म्हणा, त्या नाही म्हणणार नाहीत. नऊ टाके घाला. सुटले तर पुन्हा घाला. आणि ५१ व्या फेरीला तो आधाराचा दोरा ओवायला विसरू नका.